रॅम्पच्या मागचं काम: बेळगाव-निपाणीहून फॅशन वीकला जाणाऱ्यांसाठी

फॅशन वीकला स्वयंसेवक म्हणून निवड झाली की गल्लीत सगळ्यांना वाटतं, पोरगी आता डिझायनरच्या शेजारी उभी राहणार. खरं तर बहुतेकींच्या वाट्याला ड्रेसरचं काम येतं. एका मॉडेलचा एक रॅक सांभाळायचा, तिला कपडे घालायचे, उतरवायचे, पुन्हा दुसरे घालायचे. रॅम्प दिसत नाही, फक्त संगीत ऐकू येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आम्ही जे या कामाला गेलो, त्या सगळ्यांचं मत एकच पडलं: इथं फॅशनच्या गप्पांपेक्षा शिस्त आणि हातशिलाई जास्त उपयोगी पडते. टेलरच्या दुकानात बसून ज्यांनी काज-बटण, तुरपाई, हूक-आकडा केलाय, ते पहिल्याच दिवशी दोन वर्षं नुसती स्केचं काढलेल्यांच्या पुढं असतात.

आधी शिरकावाचं बघू. लॅक्मे फॅशन वीक आणि फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया २०२१पासून एकत्र कार्यक्रम भरवतात, वर्षातून दोनदा, साधारण मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. अलीकडं मार्चचं मुंबईत आणि ऑक्टोबरचं दिल्लीत असं चाललंय. कूट्यूरचा, म्हणजे मापानं हातानं बनवलेल्या महागड्या कपड्यांचा, वेगळा आठवडा जुलैत, तोही दिल्लीत. ड्रेसरांच्या याद्या बहुधा त्या-त्या शहरातल्या फॅशन संस्थांकडून भरल्या जातात, त्यामुळं आपल्याकडच्या डिप्लोमावाल्यांना तिथं आपोआप जागा नसते. मग वाटा दोनच. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन आयोजकांच्या बॅकस्टेज टीमला लिहायचं, नाहीतर शो करणाऱ्या डिझायनरच्या स्टुडिओला थेट मेल करायचा. दुसरी वाट जास्त चालते. पाच-सहा आठवडे आधी मेल जावा आणि त्यात चारच गोष्टी असाव्यात: काय शिकताय, हातानं काय-काय शिवता येतं, कोणते दिवस पूर्ण मोकळे आहेत आणि त्या शहरात राहायची सोय कुठं आहे. ही शेवटची ओळ विसरू नका. बाहेरगावचा माणूस ऐनवेळी येत नाही, असा त्या लोकांचा धसका असतो.

काम बिनपगारी. जेवण आणि प्रमाणपत्र मिळतं, प्रवासखर्च क्वचित. हजेरीची वेळ, सुटायची वेळ, जेवण आणि तिथल्या एका माणसाचा नंबर हे सगळं लेखी मागून घ्या. 'स्वयंसेवक नोंदणी' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथंच फोन ठेवा, दुसरा विचार नको.

जायचं रेल्वेनंच. मुंबईला हुबळी-दादर एक्स्प्रेस मिरज-पुण्यावरून जाते. दिल्लीला गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट निजामुद्दीनला नेते, दीड दिवसाचा प्रवास. बस स्वस्त आणि सोयीची वाटते, पण सीमाभागात वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं थांबतात, आणि फिटिंगला न पोचलेल्या ड्रेसरची जागा तासाभरात दुसरीला जाते. मुंबईतले अलीकडचे शो बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, होतात. तिथून वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला रिक्षा लागते, मेट्रो ३चं स्टेशन २०२४पासून आहे. शेवटचा शो संपून कपड्यांची मोजणी होईपर्यंत मध्यरात्र होते, म्हणून दूरच्या नातेवाइकांकडं उतरण्यापेक्षा चौघींनी मिळून जवळ खोली घेतलेली बरी. कल्याणच्या आत्याकडं जेवण छान मिळेल, पण शेवटची लोकल चुकली की रात्र स्टेशनवर.

सोबत काय न्यायचं ते नीट सांगतो, कारण आयोजकांच्या यादीत एवढंच असतं की काळे कपडे घाला. काळा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, काळी पँट, आवाज न करणारे काळे सपाट बूट. बांगड्या, अंगठ्या, लांब कानातलं, घड्याळ काहीच नको, कारण शिफॉन आणि जाळीच्या कापडाला अंगठीचं एक टोक अडकलं की धागा ओढला जातो. नखं कापलेली हवीत. नेलपॉलिश, अत्तर, हाताला तेल किंवा क्रीम नको. कमरेला खिशांचा ॲप्रन, आणि त्यात असं सामान: काळा, पांढरा, त्वचेच्या रंगाचा आणि लाल दोरा आधीच ओवलेल्या आठ-दहा सुया, एका फोमच्या तुकड्यात खोचून, तीन आकारांच्या सेफ्टी पिना, प्रत्येकी दोन डझन, दोरा कापायची छोटी कात्री, टोकावर बूच लावलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी कापडाची टेप, जादा हूक, टिचबटणं आणि अर्धा मीटर इलॅस्टिक, मेणबत्तीचा तुकडा, ओले टिश्यू, चिकट रोलर, स्ट्रॉचं पाकीट, एक मऊ मलमलचा मोठा रुमाल. मेणबत्ती अडकणाऱ्या चेनीवर घासायला. स्ट्रॉ मॉडेलला पाणी प्यायला, म्हणजे लिपस्टिक पुसली जात नाही. मलमल कशाला ते पुढं येईल. पेनाऐवजी पेन्सिल ठेवा. शाईचं पेन बॅकस्टेजला कुणी काढलं तरी अंगावर शहारा येतो.

फिटिंग शोच्या एक-दोन दिवस आधी होतं. इथं ड्रेसरनं फक्त उभं राहून बघायचं असतं असा गैरसमज आहे. खरं काम इथंच होतं. प्रत्येक लुकचा, म्हणजे एका फेरीच्या पूर्ण पोशाखाचा, समोरून आणि मागून फोटो काढला जातो, आणि तोच पुढं लुक-बोर्डवर, म्हणजे सगळ्या लुकचे फोटो लावलेल्या फळ्यावर, आणि रॅकच्या कार्डावर लागतो. ड्रेसरनं लिहून घ्यायचं ते वेगळंच: कपडा डोक्यावरून जातो की पायातून वर चढतो, चेन डाव्या कुशीला आहे की पाठीत, आतले हूक किती, नाडी कुठं बांधली, पदर किंवा ओढणी कोणत्या खांद्यावर, कुठं पिन लागली. 'पाठीत १४ हूक, वरून ३ आंधळे' (आंधळे म्हणजे नजरेला न दिसणारे) अशी एक ओळ शोच्या वेळी तुमचा जीव वाचवते. डोक्यावरून जाणारा कपडा असेल तर तिथल्या तिथं हेअरवाल्यांना सांगायचं. केस आणि मेकअप झाल्यावर गळा लहान निघाला तर काही इलाज राहत नाही.

फिटिंगनंतर दुरुस्त्या येतात: उंची कमी करा, मुंढा (बाहीचा घेर) आत घ्या, कंबर दोन इंच दाबा. हे कपडे पुढं दुकानात आणि फोटोशूटला जायचे असतात, म्हणून कापू नका. कच्च्या टाक्यानं आत घ्यायचं, टोकाला गाठ न मारता दोन उलटे टाके द्यायचे, म्हणजे नंतर एका झटक्यात निघतं. खणाच्या कपड्याला जास्त जपा. गुळेदगुड्डचं खण अरुंद पन्ह्याचं, त्यामुळं मोठ्या घेराच्या कपड्यात जोड पुष्कळ, आणि मॉडेलनं लांब पाऊल टाकलं की ताण नेमका जोडावर येतो. कंबर-मांडीजवळच्या जोडांना आतून हातानं दुसरी टीप घालून ठेवा. कसूतीचा, म्हणजे आपल्याकडच्या हातभरतकामाचा, दोरा कुठं ओढला गेला तर कापू नका. कसूतीत गाठ नसते, एक टोक तुटलं की रांगच्या रांग सुटते. सुईनं फास उलट बाजूला ओढून घ्या आणि तसाच राहू द्या.

इस्त्रीचं काम बहुतेक स्वयंसेवकांवर पडतं आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. स्टीमर सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात वाफेबरोबर पाण्याचे थेंब येतात, म्हणून आधी वाफ जमिनीकडं सोडून द्या. रेशमाला वाफ उलट बाजूनं, बोटभर अंतर ठेवून. जरीवर थेंब पडला की डाग राहतो. प्लॅस्टिकच्या टिकल्यांना उष्णता लागली की त्या वळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत, तिथं फक्त टिकल्या नसलेल्या भागाला वाफ द्यायची. मखमलीवर इस्त्री टेकवायचीच नाही. खळ दिलेलं सुती कापड मात्र वाफेनं लुळं पडतं, त्याला वरून मलमल घालून कोरडी इस्त्री. आणि वीज बघा. स्टीमर १८०० वॅटचा असेल तर तो जवळपास ८ अँपिअर ओढतो. साधी एक्स्टेन्शन पट्टी ६ अँपिअरची असते. अशा पट्टीवर दोन स्टीमर लावले की पट्टी वितळते, नाहीतर फ्यूज उडून शेजारच्या मेकअपच्या आरशांचे दिवे जातात. मग तुमचं नाव बॅकस्टेजभर होतं, पण ते चांगल्या अर्थानं नाही. १६ अँपिअरचा सॉकेट कुठं आहे ते आल्या-आल्या विचारून घ्या.

शोच्या दिवशी हजेरी चार-पाच तास आधी. सुरुवातीचे तीन तास मॉडेल केस आणि मेकअपला बसलेल्या असतात, तेवढ्यात रॅक लावायचा. हँगरवर लुक क्रमानं, पहिला लुक बाहेरच्या बाजूला. प्रत्येक हँगरला झिपची पिशवी, त्यात दागिने, मोजे, पट्टा. खाली बूट जोडीनं, पहिल्या लुकचे पुढं. कार्डावरची यादी बघून प्रत्येक वस्तूला हात लावून मोजा, नुसतं डोळ्यानं नको. एका कानातलं कमी आहे हे आत्ता कळलं तर डिझायनरचा माणूस ते शोधतो. शोच्या दहा मिनिटं आधी कळलं तर उरलेलं कानातलंही काढून टाकतात. चेनी पूर्ण खाली, हूक सगळे उघडे, बकल सैल, नाड्या सोडलेल्या. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर. पायातून चढणारा कपडा त्या चादरीवर गोल मांडून ठेवायचा, मॉडेलनं मधोमध पाय ठेवला की एका ओढीत वर.

आता वेळेचं गणित. हे कुणी शिकवत नाही आणि आम्हाला सगळ्यात उपयोगी हेच वाटतं. रनिंग ऑर्डर, म्हणजे कोणता लुक कितवा जाणार याची यादी, हातात आली की आपल्या मॉडेलचे दोन आकडे बघा. समजा तिचा पहिला लुक ३ आणि दुसरा १४. मॉडेल साधारण २० सेकंदांच्या अंतरानं सोडत असतील, तर मधल्या ११ जागांचे २२० सेकंद. तिच्या चालण्याचे ५०, बाहेर पडून रॅककडं येण्याचे १५, परत लाइन-अपला, म्हणजे रॅम्पवर जायच्या रांगेला, जाण्याचे १५, आणि लाइनमध्ये ४० सेकंद आधी उभं राहावं लागतं. उरले १००. याच १०० सेकंदांत १४ हुकांचा पाठीचा कपडा काढून दुसरा चढवायचा असेल तर ते एकटीला होणार नाही, हे तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं पाहिजे. लगेच बॅकस्टेज मॅनेजरला सांगा. मग एकतर दुसरी ड्रेसर मिळते किंवा क्रम बदलतात. शो सुरू झाल्यावर सांगितलं तर दोन्ही होत नाही.

दोघी असतील तर कामं वाटून घ्या. एक खाली बसते, ती फक्त पायांकडं बघते: बूट काढणं, घालणं, बकल. दुसरी पाठीमागं उभी राहून हूक आणि चेन. समोरून कुणी नको, मॉडेलला हात मोकळे लागतात. मॉडेल येते तेव्हा ती धापा टाकत असते आणि तिला काहीच दिसत नसतं, म्हणून हळू आवाजात सांगत राहा: उजवा पाय, डावा पाय, हात वर. हात लावण्याआधी सांगायचं, हा शिष्टाचार नव्हे तर नियम समजा. डोक्यावरून कपडा जायचा असेल तर मलमलचा रुमाल तोंडावरून घ्यायचा आणि त्याचं एक टोक तिनं दातात धरायचं, म्हणजे फाउंडेशन गळ्याला लागत नाही आणि पापण्याही अडकत नाहीत. कानातलं सगळ्यात शेवटी. आधी कपडा, मग बूट, मग हार, मग कानातलं. हा क्रम मोडला की जाळीचा गळा फाटलाच म्हणून समजा. कपडे घातल्यावर मॉडेलला बसू देऊ नका. काढलेला कपडा हँगरवर लावायला वेळ नसतो, तो चादरीवर एका कोपऱ्यात टाका, पण पायाखाली येऊ देऊ नका. लाइन-अपकडं जाताना एकदा मागून नजर फिरवा: लेबल बाहेर, नाडी लोंबकळतेय, पाठीला पांढरा दोरा. चुका नेहमी मागच्या बाजूलाच असतात, कारण आरसा पुढं असतो.

चेन तुटली तर ती पुन्हा लावायच्या मागं लागू नका. वरचा हूक लावा, खालून चार इंचांवर सेफ्टी पिना आतून घाला आणि वेळ असेल तर दोन्ही कडा उभ्या टाक्यांनी शिवूनच टाका. शो झाल्यावर उसवता येते. पिन कधीही वरून दिसेल अशी घालायची नाही आणि तिचं टोक अंगाकडं ठेवायचं नाही.

साडी आली की आपल्याकडच्या पोरींना आपोआप पुढं बोलावतात. बहुतेक डिझायनर निऱ्या आधीच शिवून, कमरेला पट्टा लावून आणतात, तिथं आपलं कौशल्य चालवायला जाऊ नका, बोर्डवरच्या फोटोसारखंच घाला. खरी नऊवारी असेल, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तर ती शंभर सेकंदांत नेसवता येत नाही. त्या मॉडेलचा एकच लुक ठेवा असं फिटिंगलाच सुचवा, ऐकतात. इरकलच्या रेशमी पदराला जाड पिन टोचू नका, भोक राहतं. बारीक पिनेच्या खाली कापडाचा छोटा चौकोन घ्या. काष्टा मागं खोचताना मॉडेलला एक पाय पुढं टाकून उभं करा, नाहीतर रॅम्पवर पहिल्याच पावलाला तो सुटतो.

चपलांचा विषय निघाला की आमच्या अथणी-निपाणीकडच्यांची छाती फुगते, आणि ते बरोबरच आहे. कोल्हापुरी चपलेच्या २०१९च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूरही आहेत. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन कंपनीनं तसल्याच चपला मूळ गाव न सांगता दाखवल्या, तेव्हा गदारोळ झाला आणि मग कंपनीनं त्यामागची भारतीय कारागिरी मान्य केली. पण अभिमान बाजूला ठेवून सांगायचं तर बॅकस्टेजला नवी कोरी कोल्हापुरी चप्पल हे संकट असतं. अंगठा कडक, पट्टा चावतो, आणि मॉडेलचे पाय ४०-४१ नंबरचे असतात तिथं नमुन्याची जोडी ३८ची येते. चामड्याचा तळ गुळगुळीत असतो आणि रॅम्पवर व्हिनाइल अंथरलेलं असेल तर सरळ घसरतो. उपाय सोपे आहेत, पण वेळेत करायला हवेत. जोडी मिळाल्या दिवशीच अंगठा आणि पट्टा आतून थोडं एरंडेल लावून मऊ करा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्यानं दोनदा पुसा. शोच्या दिवशी तेल लावलं तर ते घेराच्या कडेला उतरतं. तळावर सँडपेपर आडवा घासा. जोडी परत द्यायची असेल तर घासू नका, तळाला खरबरीत कापडी टेप लावा. बूट-सँडललाही हाच नियम.

फोनचं एका ओळीत: कपडे बदलायच्या जागेत तो खिशातच राहतो, रीळ काढायला बाहेर पुष्कळ जागा आहे.

शो संपतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला पडद्याकडं धावतात आणि नेमके त्या वेळी दागिने गायब होतात. रॅक सोडू नका. मॉडेलच्या अंगावरून उतरलेली प्रत्येक वस्तू आधी झिपच्या पिशवीत, मग कार्डाशी जुळवून बरोबरची खूण. घामानं ओला कपडा लगेच कव्हरमध्ये घालायचा नाही, उलटा करून निदान अर्धा तास वाऱ्यावर ठेवायचा, नाहीतर काखेत पिवळे डाग धरतात. काळ्या कपड्यावर डिओडरंटचे पांढरे ओघळ दिसले तर कोरड्या फोमच्या तुकड्यानं हलक्या हातानं घासा, ते जातात. लिपस्टिक किंवा फाउंडेशन लागलं असेल तर पाणी लावू नका, डाग पसरतो. तिथं कागदी चिठ्ठी पिन करून 'गळा, डावी बाजू, मेकअप' असं लिहून द्या, पुढचं ड्रायक्लीनवाला बघतो. लपवलेला डाग मात्र ड्रेसरच्या नावावर जातो. कच्चे टाके उसवायचे की ठेवायचे हे विचारूनच ठरवा. सगळं जुळलं की यादीवर डिझायनरच्या माणसाची सही घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. आठवड्यानं एखादा पट्टा हरवल्याचा फोन येतो तेव्हा तोच कामाला येतो.

प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात मिळत नाही. निघण्यापूर्वी आपलं नाव कसं लिहायचं ते पेन्सिलीनं स्पष्ट लिहून द्या. आपल्या आधारवर कन्नड आणि इंग्रजी असतं, शाळेच्या दाखल्यावर मराठी, आणि तिन्हीकडं आडनावाचं स्पेलिंग वेगवेगळं. कुठं 'कर'च्या आधीचं अक्षर दुहेरी, कुठं आईचं नाव मधे. प्रवेशयादीत, गेटच्या पासवर आणि प्रमाणपत्रावर आधारमधलंच इंग्रजी स्पेलिंग जायला हवं. नाहीतर पुढच्या वेळी गेटवर अर्धा तास उभं राहावं लागतं, आणि इंटर्नशिपच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडलं तर नाव जुळत नाही म्हणून परत येतं.